आहे ती ताकद टिकवू या



वाढदिवसाला एकमेकांना "एकशे वीस वर्षं जगा" असा आशीर्वाद देण्याची आपल्यात रीत आहे. हा आकडा मोशे रब्बेनूंच्या वयावरून आला. तोऱ्याच्या अगदी शेवटी त्यांच्या मृत्यूची हकीगत आहे. तिथे त्यांची नजर आणि अंगातली शक्ती शेवटपर्यंत शाबूत होती असा उल्लेख येतो. मोशे १२०व्या वर्षी पूर्वीपेक्षा बलवान झाले होते, असे तिथे म्हटलेले नाही. होती ती शक्ती गेली नव्हती, एवढेच सांगितले आहे. या लेखात आम्हाला जे सांगायचे आहे ते सारे त्यात आले.

आजकाल जिममध्ये जाणाऱ्या आपल्या नातवंडांच्या तोंडी 'गेन्स' हा शब्द सारखा असतो. मागच्या महिन्यात ४० किलो उचलले, या महिन्यात ५०. दंड इतका होता, आता इतका झाला. विशीत हे शोभतं. पण हीच मोजपट्टी सत्तरीतल्या माणसाने स्वतःला लावली की गडबड होते. "तीन महिने क्लासला गेले हो, काही फरक पडला नाही. सोडून दिलं." हे वाक्य आपल्या मंडळींच्या तोंडून आम्ही कितीतरी वेळा ऐकलं आहे. फरक पडला नाही, हाच तर फायदा होता! तीन महिन्यांत जे कमी झालं असतं ते कमी झालं नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण त्याला कमाई म्हणत नाही.

तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असे डॉक्टर मंडळी सांगतात. या झिजेला १९८०च्या दशकाच्या शेवटी सार्कोपेनिया असे नाव मिळाले. नाव नवीन असले तरी गोष्ट जुनीच. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, बरणीचं झाकण उघडत नाही, बसमध्ये चढताना पाय जड होतो. पुढे एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो, आणि मग आपलं घर सोडून दुसऱ्याच्या देखरेखीखाली राहायची पाळी येते. ऑस्ट्रेलियात ६५ वर्षांवरच्या दर तीन माणसांमागे साधारण एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. तेव्हा प्रश्न दंडांचा नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पायावर, स्वतःच्या हाताने चहा करून पिण्याचा आहे.

घाण्याचा बैल

मराठीत कुणाला 'घाण्याचा बैल' म्हटलं की त्याला राग येतो. दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी तिथल्या तिथेच! पण आपण तर तेल्यांची लेकरं. नवगाव, अलिबाग, रेवदंडा, चौल, पेण या पट्ट्यात आपले पूर्वज तेल गाळत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. तेल्याच्या घरात घाण्याच्या बैलाला कोणी हसत नसे. बैल तिथल्या तिथे फिरतो म्हणूनच तेल निघतं. तो सरळ पुढे चालू लागला तर घाणाच मोडायचा.

त्या काळच्या आपल्या आज्या-पणज्यांनी 'व्यायाम' हा शब्दसुद्धा कधी उच्चारला नसेल. विहिरीवरून पाणी आणायचं, जात्यावर दळायचं, पाट्यावर वाटायचं, उकिडवं बसून मासळी साफ करायची. सणाला चिकाचा हलवा करायचा तर गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घट्ट होईपर्यंत डाव हलवत उभं राहायचं. हात भरून येत, पण मध्ये थांबलं की हलवा खाली लागलाच! पुढे मुंबईला आलो तरी चाळीचे जिने होतेच, जमिनीवर मांडी घालून जेवण होतं, खाली अंथरलेली गादी रोज गुंडाळून ठेवायची होती. जमिनीवरून उठणं-बसणं दिवसातून वीस-पंचवीस वेळा सहज होत असे. ती माणसं काही ताकद 'वाढवत' नव्हती. रोजच्या कामाने ती टिकत होती.

इथे आल्यावर गाडी आली, मिक्सर आला, लिफ्ट आली, मऊ सोफा आला. ऑस्ट्रेलियाने आपल्याला खूप दिलं, पण अंगाला लागणारं काम मात्र हळूच काढून घेतलं. ते परत मिळवायला जातं-पाटा आणायची गरज नाही. कसं ते पुढे सांगतो. आधी, आपल्या या नव्या देशातही ही 'टिकवण्याची' परंपरा आहे हे पाहू.

बाँडायचे हिमनग

सिडनीत राहणाऱ्यांनी बाँडायच्या दक्षिण टोकाला खडकात बांधलेला पोहण्याचा तलाव पाहिलाच असेल. लाटा त्याच्या भिंतीवर आपटून आत येतात. तिथला 'बाँडाय आइसबर्ग्स' हा हिवाळी पोहण्याचा क्लब १९२९ साली सुरू झाला. किनाऱ्यावर लोकांना बुडताना वाचवणारे काही जीवरक्षक होते. उन्हाळाभर त्यांचं पोहणं होई, पण हिवाळ्यात शरीर सुस्तावे. उन्हाळ्यात कमावलेली तब्येत हिवाळ्यात घालवायची नाही, एवढ्याचसाठी त्यांनी क्लब काढला. 'आइसबर्ग' म्हणजे हिमनग, थंड पाण्यात उतरणारे म्हणून हे नाव. मे महिन्यात त्यांचा मोसम सुरू होतो, तेव्हा तलावात खरोखरचे बर्फाचे मोठे तुकडे टाकतात आणि मंडळी त्यात उड्या घेतात.

क्लबचा सभासदत्वाचा नियम आम्हाला फार आवडतो. हिवाळ्याच्या मोसमात महिन्यातल्या चार रविवारांपैकी तीन रविवार पोहायला हजर राहायचं आणि हे पाच वर्षं करायचं. म्हणजे इथे किंमत वेगापेक्षा हजेरीची. पहिला आलास की शेवटचा, हे सभासदत्वासाठी कोणी विचारत नाही. आलास की नाही, ते विचारतात. चारांपैकी एक रविवार चुकला तर चालतो, हा शहाणपणाही त्या नियमात आहे. माणूस आजारी पडतो, घरी पाहुणे येतात. एक दिवस गेला म्हणून सगळं सोडायचं नसतं.

आम्ही तुम्हाला जुलै महिन्यात बर्फासारख्या पाण्यात उतरायला सांगत नाही! हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी तर असले धाडस करूच नये. पण तो नियम तेवढा घरी आणावा. आठवड्याचे ठरलेले दिवस, ठरलेला व्यायाम, आणि वहीत फक्त हजेरी.

औंधचे राजेसाहेब

आपल्या मूळ मुलखातलंही एक उदाहरण आहे. सातारा बाजूच्या औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) यांना तरुणपणी शरीर कमावण्याचा मोठा नाद होता. त्या काळी सँडो नावाचा युरोपातला पहिलवान जगभर गाजत होता. बाळासाहेबांनी १८९७ साली त्याची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं मागवली आणि दहा वर्षं त्याच्या पद्धतीने नेमाने मेहनत केली. पुढे १९०८च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले. त्याला साधन लागत नाही, खर्च नाही, फार जागाही लागत नाही. मग म्हातारपणापर्यंत तो नेम त्यांनी सोडला नाही. आपल्या संस्थानातल्या शाळांतही तो चालू केला. १९३८ साली लंडनहून निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकामुळे ही पद्धत परदेशातही पोचली. (याच औंधमध्ये पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन हे ज्यू इंजिनियर राजेसाहेबांच्या राज्यकारभाराच्या सुधारणेत मदतीला होते, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट.)

सूर्यनमस्कार घालावेत की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. घ्यायचं ते एवढंच, की ज्या व्यायामाला आज पैसे, उद्या मशीन, परवा गाडी लागते तो सुटतो. ज्याला काही लागत नाही तो चाळीस वर्षं टिकतो.

नव्वदीतली नऊ माणसं

"आता या वयात काय व्हायचंय?" असं म्हणणाऱ्यांसाठी पुढची हकीगत. अमेरिकेत बॉस्टन शहरात ज्यू वृद्धांसाठी 'हिब्रू रिहॅबिलिटेशन सेंटर' नावाची संस्था आहे. तिथे राहणाऱ्या ८६ ते ९६ वर्षांच्या, चालायला कष्ट पडणाऱ्या दहा जणांना डॉक्टर मारिया फियातारोने यांनी मांडीच्या स्नायूंसाठी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. आठ आठवडे, जाणकारांच्या देखरेखीखाली. नऊ जणांनी तो पुरा केला. १९९० साली निकाल छापून आला तेव्हा वैद्यकीय जगात खळबळ उडाली. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. दोघांच्या हातातली काठी सुटली!

पण या हकीगतीचा दुसरा भागही सांगायलाच हवा. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ताकदीचा साधारण एक तृतीयांश भाग उतरला. म्हणजे नव्वदीतही कमावता येतं, पण ठेवलं नाही तर महिन्याभरात निसटूही लागतं.

याच डॉक्टर पुढे मारिया फियातारोने सिंग या नावाने आपल्या सिडनी युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाल्या. स्मरणशक्ती कमी होऊ लागलेल्या १०० जणांवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनांच्या व्यायामाचा चांगला परिणाम विचारशक्तीवरही झाल्याचे त्यात दिसले. तेव्हा गुडघ्यांसाठी केलेलं डोक्यालाही लाभतं!

टिकवायला किती लागतं?

याचं उत्तर ऐकून तुम्हाला बरं वाटेल. कमावायला जेवढं लागतं, त्यापेक्षा टिकवायला फार थोडं लागतं. अमेरिकेतल्या अलाबामा युनिव्हर्सिटीने २० ते ३५ वर्षांचे आणि ६० ते ७५ वर्षांचे अशा ७० जणांना आधी १६ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस वजनांचा व्यायाम दिला. मग ३२ आठवडे काहींचा बंद केला, काहींचा तिसऱ्या हिश्शावर आणला, तर काहींचा नवव्या हिश्शावर. २०११ साली निकाल आला. आठवड्यातून एकच दिवस करणाऱ्यांचीही ताकद, तरुण काय आणि वयस्कर काय, बहुतेक टिकून राहिली. फरक एवढाच, की तरुणांच्या स्नायूंचा आकारही इतक्या थोड्यावर टिकला. साठीपुढच्यांचा टिकला नाही. म्हणून तरुणाने परीक्षेच्या दिवसांत आठवड्यातून एकदा केलं तरी भागतं. आपण मात्र आठवड्यातून दोन-तीन दिवस धरावेत. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा सल्लाही याच्याशी जुळतो. आठवड्याला एकूण निदान १५० मिनिटं दमसास लागेल असं चालणं वगैरे, दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, आणि वयस्करांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम.

आपल्या समाजात मधुमेह घरोघरी आहे, म्हणून मेलबर्नचा एक अभ्यासही सांगतो. मधुमेह असलेल्या ६० ते ८० वर्षांच्या ३६ जणांवर तो झाला. त्यांतल्या एका गटाने सहा महिने जिममध्ये देखरेखीखाली, आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीत त्यांचा आकडा १.२ ने उतरला. नुसते अंग ताणण्याचे हलके व्यायाम करणाऱ्यांचा ०.४ ने उतरला. दोन्ही गटांना आहारही सारखाच आखून दिला होता. पुढचे सहा महिने त्यांना घरीच डंबेल्स घेऊन व्यायाम करायला सांगितला. ताकद आणि स्नायू टिकले, पण साखरेतला फायदा टिकला नाही. कारण साधं होतं. घरी एकट्याने करताना दिवस चुकू लागले, वजनं हलकी होत गेली.

यावरून आपण दोन गोष्टी शिकाव्यात. टिकवणं म्हणजे हातपाय हलवल्यासारखं करणं नव्हे. शेवटच्या दोन-तीन वेळा थोडं जड वाटलं पाहिजे. आणि एकट्यापेक्षा सोबत बरी. आपल्याकडे प्रार्थनेला दहा माणसं लागतात. व्यायामाला दोन पुरेत! रविवारी सकाळी फोन करून "आज झालं का?" एवढं विचारणारा एक जोडीदार ठरवून टाका.

दहा दिवसांची रजा

स्नायू सर्वांत झपाट्याने जातात ते अंथरुणाला खिळल्यावर. साठीपुढच्या धडधाकट माणसांना फक्त दहा दिवस बिछान्यात ठेवून केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले साधारण एक किलो मांस गेले, आणि ती माणसं आजारीसुद्धा नव्हती!

म्हणून फ्लू, ऑपरेशन, घरातलं दुःखाचं प्रसंग किंवा इस्रायल-मुंबईचा लांबचा प्रवास झाला की त्यानंतरचे दिवस फार महत्त्वाचे. हॉस्पिटलमध्ये असताना डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दिवसातून दोन-तीन वेळा खुर्चीत बसा, कॉरिडॉरमध्ये फेरी मारा. मुला-सुनांनीही "आई, तू पडून राहा, मी आणते" हे प्रेम जरा आवरावं. पाण्याचा ग्लास आजारी माणसाला उठून घेता येत असेल तर घेऊ द्यावा. घरी आल्यावर पूर्वीच्या निम्म्यापासून सुरू करावं आणि घाई करू नये. गेलेलं परत येतं, कारण शरीराला जुनी ओळख असते.

ओट्यापाशी, जिन्यापाशी

आता घरातल्या घरात काय करायचं ते पाहू. सिडनी युनिव्हर्सिटीच्या लिंडी क्लेमसन आणि सहकाऱ्यांनी सत्तरीपुढच्या ३१७ जणांवर एक प्रयोग केला. ही सगळी मंडळी आदल्या वर्षात दोनदा पडलेली किंवा एकदा पडून लागलेली होती. एका गटाला वेगळ्या व्यायामाची वेळ न ठरवता रोजच्या कामातच व्यायाम मिसळायला शिकवलं. २०१२ साली निकाल आला तेव्हा या गटात पडण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. आपल्या आज्या विहिरीवर आणि पाट्यापाशी हेच करत होत्या, नाही का?

त्या धर्तीवर आपल्या घरात असं करता येईल:

– चहाचं पाणी उकळेपर्यंत ओट्याला एका हाताने धरून एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. सवय झाली की नुसतं बोट टेकायचं.
– तांदळाचा डबा खालच्या फडताळात ठेवायचा. काढताना कमरेत न वाकता गुडघे वाकवून खाली जायचं. गुडघे दुखत असतील तर जमेल तेवढंच.
– बातम्या पाहताना जाहिरात लागली की हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं, बसायचं.
– भांडी विसळताना ओट्याला धरून टाचा वर उचलायच्या, सावकाश खाली आणायच्या.
– भिंतीला तळवे टेकून उभ्या-उभ्याच दंड काढायचे.
– बाजारातून आणलेल्या पिशव्या दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या घ्यायच्या आणि ताठ चालायचं.

उचलताना श्वास रोखायचा नाही. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. मोजणी अर्थात मराठीत करावी! छातीत दुखलं, चक्कर आली, दम फार लागला तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवावं. हृदयविकार, ठिसूळ हाडं, नुकतंच ऑपरेशन असेल तर आधी आपल्या जीपीला विचारावं. मधुमेहासारखा दीर्घ आजार असलेल्यांसाठी जीपीकडून प्लॅन करून घेतला तर फिजिओथेरपिस्ट किंवा एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट यांच्याकडे वर्षाला पाच भेटींपर्यंत मेडिकेअरची मदत मिळते. पुष्कळांना हे माहीत नसतं. जरूर विचारा.

बाहेर पडायची आवड असेल तर हार्ट फाउंडेशनचे चालण्याचे मोफत गट १९९५ सालापासून देशभर चालतात. ताई-ची हा संथ चिनी व्यायामही चांगला. मध्य सिडनीत साठीपुढच्या ७०२ जणांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून एकदा १६ आठवडे ताई-ची करणाऱ्यांचं पडणं कमी झालं. आणि शब्बाथला विश्रांती घ्यायला संकोच नको. स्नायूंची डागडुजी विश्रांतीतच होते. आपण पिढ्यान् पिढ्या सहा दिवस घाणा चालवून सातव्या दिवशी तो थांबवत आलोच आहोत.

ताटात काय हवं

नुसत्या व्यायामाने भागत नाही, स्नायूंना प्रोटीन लागतं. वय झालं की भूक कमी होते आणि आपण चहा-बिस्किटांवर दिवस काढतो. वयस्कर माणसाने वजनाच्या दर किलोला दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन घ्यावं असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम मासळीत साधारण २० ग्रॅम. वालाचं बिरडं, डाळ, दही, चिकन हे सगळं आपलंच. महागडे पावडरचे डबे लागतातच असं नाही. फक्त सगळं प्रोटीन रात्रीच्या जेवणात न ठेवता नाश्त्यालाही थोडं घ्यावं. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच खावं.

खुर्ची, घड्याळ आणि कॅलेंडर

टिकलं की नाही हे कळायचं कसं? एक सोपी तपासणी आहे. हात नसलेली, घट्ट बसणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. शेजारी कोणीतरी उभं असू द्या. ७० ते ७४ वयात बायकांना १० आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी जमलं, किंवा ८० ते ८४ वयात बायकांना ९ आणि पुरुषांना १० पेक्षा कमी, तर पाय कमजोर होत आहेत, पडण्याचा धोका आहे असं समजून डॉक्टरांशी बोलावं.

हा आकडा दर रोश खोदेशला, म्हणजे आपल्या महिन्याच्या सुरुवातीला, कॅलेंडरवर लिहून ठेवावा. बारा महिने सगळीकडे ११ च असेल तर कपाळाला आठ्या घालू नका, पेढे वाटा! वय एका वर्षाने वाढलं आणि आकडा हलला नाही.

बालमित्रांसाठी

मुलांनो, मॉलमध्ये खाली येणारा सरकता जिना पाहिलाय ना? समजा, त्याच्यावर कोणी उलटं वर चढू लागलं तर? हळूहळू चढलं तर ते जिथल्या तिथेच राहील. चढणं थांबवलं तर खाली येईल. (खरोखर करून पाहू नका, सुरक्षारक्षक ओरडेल आणि लागेलही!) आजी-आजोबा रोज असाच जिना चढत असतात. म्हणून ते जिथल्या तिथे दिसले तरी खूप मेहनत करत असतात.

तुमचं वय मात्र वाढायचं आहे. तुम्ही रोज तासभर तरी धावा, खेळा, पोहा, झाडावर चढा. मोठ्या भावाबहिणींनो, आरशात दंड पाहून आणि मित्राशी तुलना करून स्वतःला कमी समजू नका. पंधरा-सोळाव्या वर्षी जिमला जायचं तर शिकवणारा जाणकार हवा, आणि कोणी कसली गोळी किंवा इंजेक्शन सुचवलं तर घरी सांगा. आज लावलेली सवय तुम्हाला सत्तरीत उपयोगी पडेल.

आणि हे तुमचं काम. या महिन्यात आजी किंवा आजोबांच्या शेजारी घड्याळ घेऊन उभे राहा, त्यांची उठबस मराठीत मोजा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. मग त्यांना 'उकिडवं' कसं बसतात ते दाखवायला सांगा. त्यांना आता जमत नसेल तर तोंडी सांगतील. टाचा जमिनीला टेकवून तुम्हाला ते किती वेळ जमतं ते बघा. मग कळेल तुमच्या पणजीची ताकद!

वडीलधाऱ्यांना शेवटी एवढंच सांगणं. पुढच्या वर्षी सणाला आपण भेटू तेव्हा "किती वाढलं?" असं आम्ही विचारणार नाही. "आहे ना तसंच?" असं विचारू. त्यावर तुम्ही हसून "आहे, तसंच आहे" म्हणालात की आम्हाला सगळं मिळालं. एकशे वीस वर्षं जगा, आणि आपल्या पायांवर जगा.